पांडुरोगाचे अर्धवट निदान

सरकारी आरोग्य केंद्रातून मिळालेल्या लाल गोळ्या गर्भवती स्त्री नेमाने घेते. सण असो वा सुगी, एक दिवस चुकवत नाही. महिन्याने पुन्हा रक्त तपासले जाते आणि हिमोग्लोबिनचा आकडा जागचा हललेला नसतो. आरोग्यसेविकेला वाटते, बाई गोळ्या टाकून देत असावी. घरच्यांना वाटते, अंगीच लागत नाही. तळपायाला मुंग्या येतात, जीभ सोलवटल्यासारखी होते, जिना चढताना धाप लागते, हे ती कोणाला सांगत नाही, कारण 'बायकांचे असेच असते' हे उत्तर तिला ठाऊक असते. तिच्या बाबतीत एक साधा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो. शरीराला लोहच कमी पडते आहे, हे ठरवले कोणी?

रक्तक्षय या शब्दापुढे 'लोह' हा शब्द इतका घट्ट चिकटला आहे की दुसऱ्या कारणाचा विचारच मागे पडतो. रक्तपेशी घडवण्यासाठी लोह लागते, त्याचप्रमाणे फोलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्वही लागते. या तिघांपैकी एकाची उणीव असेल, तर उरलेल्या दोघांची कितीही खैरात केली तरी रक्त भरून येत नाही. खरे तर चरकसंहितेनेही पांडुरोगाच्या चिकित्सेस स्वतंत्र अध्याय देताना त्याचे अनेक प्रकार सांगितले आहेत. रोगाचे नाव एक असले तरी कारण एक नसते, हा विवेक या भूमीला नवा नाही. नव्या व्यवस्थेत तो हरवला, एवढेच.

या विषयाच्या इतिहासाचे एक महत्त्वाचे पान मुंबईत लिहिले गेले. १९२८ साली ल्यूसी विल्स या ब्रिटिश संशोधिका गरोदर स्त्रियांमधील गंभीर रक्तक्षयाचा शोध घेण्यासाठी मुंबईत आल्या. हाफकिन संस्थेत त्यांचे काम चाले. गरीब वस्त्यांतील आणि गिरण्यांत राबणाऱ्या स्त्रियांचे निकृष्ट अन्न त्यांच्या नजरेतून सुटले नाही. अमेरिकेत त्याआधी दोनच वर्षे, १९२६ साली, मायनॉट आणि मर्फी यांनी घातक रक्तक्षयाच्या रुग्णांना रोज यकृत खाऊ घालून मृत्यूच्या दारातून परत आणले होते. या कार्यासाठी त्यांना व्हिपल यांच्यासह १९३४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र त्या रोगावर गुणकारी ठरलेला यकृताचा शुद्ध अर्क मुंबईतील मातांवर चालेना. चालला तो यीस्टचा स्वस्त अर्क. दिसायला सारखेच असणारे दोन रक्तक्षय दोन वेगळ्या उणिवांमुळे होतात, हे विल्स यांच्या कामाने दाखवून दिले. यीस्टमधील तो घटक म्हणजे फोलिक आम्ल. १९४५ साली लेडर्ले प्रयोगशाळेत त्याची निर्मिती झाली, ती आंध्रचे सुपुत्र यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालील चमूकडून.

यकृतातील दुसरा घटक १९४८ साली इंग्लंड आणि अमेरिकेत स्वतंत्रपणे वेगळा करण्यात आला. लालबुंद स्फटिकांच्या रूपातील हेच ब-१२ जीवनसत्त्व. त्याच्या रेणूत कोबाल्ट हा धातू असतो. डोरोथी हॉजकिन यांनी त्याची गुंतागुंतीची रचना उलगडली आणि १९६४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. रोज पाव-अर्धा शेर यकृत गिळणाऱ्या रुग्णांची त्या शिक्षेतून सुटका झाली. लाल द्रवाच्या एका छोट्या इंजेक्शनने तेच काम होऊ लागले.

या दोन शोधांच्या दरम्यानच्या तीन वर्षांत वैद्यकशास्त्राला जो धडा मिळाला, तो आजच्या भारतासाठी फार मोलाचा आहे. फोलिक आम्ल हाती येताच ते घातक रक्तक्षयाच्या रुग्णांनाही देण्यात आले. रक्त सुधारले, चेहऱ्यावर तेज आले. परंतु अनेकांच्या मज्जारज्जूचा ऱ्हास चालूच राहिला. पाय बधिर झाले, तोल जाऊ लागला. रक्ताचा आकडा सावरला म्हणून रोग बरा झाला असे मानणे किती घातक ठरते, याचा हा पुरावा होता. ब-१२ अभावी होणारी मज्जातंतूंची हानी वेळीच रोखली नाही, तर ती पुरती भरून येत नाही.

आता आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमाकडे पाहावे. १९७० पासून देशात लोह आणि फोलिक आम्लाच्या गोळ्या दिल्या जात आहेत. २०१८ साली 'ॲनिमियामुक्त भारत' या नावाने या प्रयत्नांना नवी धार देण्यात आली. गर्भवतीला रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल, अशी ही मात्रा आहे. हेतू निःसंशय स्तुत्य, राबणारे हातही प्रामाणिक. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. महाराष्ट्रासारख्या पुढारलेल्या राज्यात हे प्रमाण ५४.२ टक्के होते. गोळी पोटात न जाणे, जंत, वारंवारची बाळंतपणे अशी याची अनेक कारणे आहेत. पण अर्धशतकानंतरही गोळीत ब-१२ का नाही, हा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे.

हा प्रश्न पुण्यातील संशोधनाने फार पूर्वीच विचारला आहे. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता आणि त्यांची मुले यांचा पाठपुरावा केला. त्या मातांपैकी दोन तृतीयांश स्त्रियांमध्ये ब-१२ कमी होते. रक्तपेशींतील फोलेट कमी असलेली आई मात्र एकच निघाली. म्हणजे जे कमी नव्हते ते दिले जात होते आणि जे कमी होते ते यादीतच नव्हते! पुढे असेही दिसले की, ज्या मातांमध्ये फोलेट अधिक आणि ब-१२ उणे होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक होती. मधुमेहाची पायवाट इथूनच सुरू होते. याच गटाने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या ४४१ पुरुषांच्या पाहणीत ६७ टक्के जणांत ब-१२ कमी आढळले आणि शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के! हा रोग केवळ दारिद्र्याचा नाही, हे त्यातून पुरेसे स्पष्ट होते.

येथे समाजाने आत्मपरीक्षण करणे आवश्यक आहे. ब-१२ वनस्पतींत तयार होत नाही. ते सूक्ष्मजीव बनवतात आणि प्राणिज अन्नातून ते माणसाला मिळते. शाकाहार हा कोट्यवधी भारतीयांचा संस्कार आहे, आणि त्याची टिंगल करून कोणाचेही रक्त वाढणार नाही. पण त्या संस्काराच्या अभिमानापोटी शास्त्राकडे पाठ फिरवणेही योग्य नव्हे. दूध-दही हे शाकाहारी माणसाचे ब-१२ चे मुख्य साधन. चहापुरते पाणचट दूध वापरणाऱ्या घरात, आणि तेही पुरुष व मुलांना वाढून उरले तर सुनेच्या वाट्याला येत असेल, तर तिच्या अंगी ब-१२ येणार कोठून? शैवालाच्या गोळ्यांची जाहिरात होते खरी, परंतु त्यांतील बहुतांश घटक मानवी शरीराला उपयोगी न पडणाऱ्या रूपात असतो. आईची उणीव बाळाला भोगावी लागते. वेल्लोरच्या डॉक्टरांनी १९६२ साली 'लॅन्सेट'मध्ये अशा सहा तान्ह्या बाळांची नोंद केली होती. आईच्या दुधातच ब-१२ नव्हते. बाळे मलूल झाली होती, शिकलेले विसरू लागली होती. ब-१२ देताच ती सावरली.

मग सर्वांनाच इंजेक्शन टोचावे काय? मुळीच नाही. आपल्याकडे 'ताकदीच्या सुई'चे वेड काही कमी नाही. थकवा म्हटले की सुई, हा व्यवहार अनेक दवाखान्यांत चालतो. त्यात निदान नसते, केवळ समाधान असते. शरीराची दिवसाची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम एवढीच आहे. आहारातील उणिवेसाठी बहुतेकांना गोळी पुरते. ग्रामीण पुण्यातील किशोरवयीनांच्या अभ्यासातही रोज २ मायक्रोग्रॅम एवढीच मात्रा निवडण्यात आली होती. इंजेक्शनचे खरे स्थान वेगळे आहे. ज्यांच्या जठरात ब-१२ शोषण्यास लागणारे प्रथिनच तयार होत नाही, ज्यांचे जठर शस्त्रक्रियेने काढले आहे, ज्यांच्या मज्जातंतूंवर परिणाम दिसू लागला आहे किंवा रक्तक्षय तीव्र आहे, त्यांच्यासाठी ती सुई जीवनदायी आहे. शोषणच होत नसलेल्यांना ती ठरावीक अंतराने आयुष्यभर घ्यावी लागू शकते. मधुमेहावरील मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांनी ब-१२ ची तपासणी करून घेणे शहाणपणाचे.

तेव्हा मागणी फार मोठी नाही. लोहाची गोळी महिनाभर घेऊनही हिमोग्लोबिन १ ग्रॅमने वाढले नाही, तर स्त्रीला वरच्या रुग्णालयात पाठवावे, असे सरकारी मार्गदर्शन आहेच. तिथे तिला दोष न देता ब-१२ चा विचार व्हावा. तपासणीची सोय असावी आणि हे इंजेक्शन विनाखंड मिळावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. गर्भवतीच्या गोळीत ब-१२ ची अल्प मात्रा घालण्याचा निर्णय तज्ज्ञांनी गांभीर्याने विचारात घ्यावा. २०२१ साली पंतप्रधानांनी घोषित केलेल्या पोषणयुक्त तांदळात ब-१२ चा समावेश होता, हे योग्य पाऊल होते. मात्र मानकाप्रमाणे किलोमागे सुमारे १ मायक्रोग्रॅम म्हणजे पाव किलो तांदळातून गरजेचा दहावा हिस्सा. त्यावर विसंबून राहता येणार नाही.

राष्ट्र बलवान व्हावे, असे व्यासपीठावरून सांगणे सोपे आहे. ते बल घडते घराघरातील मातेच्या रक्तात. तिला धाप लागत असेल, तिचे पाय बधिर होत असतील, तर ती आळशी नाही आणि निष्काळजीही नाही. तिचे निदान अर्धवट राहिले आहे. ते पूर्ण करणे हे वैद्यकाचे, शासनाचे आणि तिला शेवटी जेवायला बसवणाऱ्या घराचेही कर्तव्य आहे. निदान दुधाचा पेला तरी तिच्यापुढे आज पहिला यावा. त्यासाठी कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही.