हवेचा विरोध खरेच नगण्य?

आनेकलच्या मैदानावर संध्याकाळी मुलांना गोलंदाजी करताना पाहिले, की पाठ्यपुस्तकातील एक वाक्य खटकते: ‘हवेचा विरोध नगण्य मानावा.’ सुमारे १६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू ताशी १४० किलोमीटर वेगाने सुटतो, तेव्हा हवेचा विरोध सुमारे दीड न्यूटन भरतो. गुरुत्वबलही जवळपास तेवढेच!

शिवाय शिवण तिरकी असेल, तर त्या बाजूचा हवेचा थर खवळून चेंडूला अधिक काळ चिकटून राहतो. गुळगुळीत बाजूचा थर आधीच सुटतो. या असमतोलातून उपजलेले बल चेंडूला शिवणीच्या दिशेने वळवते. हाच स्विंग. २०२० मध्ये बंगळुरूच्याच अनिल कुंबळे यांच्या अध्यक्षतेखालील आयसीसीच्या समितीने चेंडूला थुंकी लावण्यावर बंदी सुचवली, तेव्हा गोलंदाज चिंतेत पडले ते एक बाजू गुळगुळीत कशी राखावी, याच विचाराने.

परवलय अवश्य शिकवावे. ती पहिली पायरी आहे. परंतु आपण काय वगळले आणि ते किती मोठे आहे, हेही त्याच तासाला सांगावे. अन्यथा डोळ्यांनी स्विंग पाहिलेले मूल भौतिकशास्त्र केवळ परीक्षेपुरते खरे मानील. ही हानी मात्र नगण्य नव्हे.