पोलंडमधील प्रांतिक सभा : अधिकार कोणाचा, पैसा कोणाचा?

दक्षिण पोलंडमधील मावोपोल्स्का प्रांत आपल्या वाचकांना अगदीच अपरिचित नाही. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांचे जन्मगाव वादोवित्से आणि ज्या महाधर्मप्रांताचे ते आर्चबिशप होते ते क्राकूव शहर ह्याच प्रांतात आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात ह्या प्रांताची लोकनियुक्त सभा एका विचित्र पेचात सापडली होती. ७ एप्रिल रोजी निवडणूक झाली. ३९ पैकी २१ जागा 'कायदा आणि न्याय' ह्या पक्षाने जिंकल्या, म्हणजे बहुमत स्पष्ट होते. तरीही पक्षाध्यक्ष यारोस्वाव काचिन्स्की ह्यांनी पुढे केलेले उमेदवार वुकाश क्मिता प्रांतप्रमुखपदी काही केल्या निवडून येईनात. मतदान गुप्त होते आणि स्वपक्षातीलच काही सदस्य पुन्हा पुन्हा त्यांना मत नाकारीत होते. तीन महिन्यांच्या आत कार्यकारी मंडळ निवडले गेले नाही, तर सभा आपोआप विसर्जित होते असा तेथील कायदा आहे. मुदत संपण्यास मोजके दिवस उरले असताना, ४ जुलै रोजी, त्याच पक्षाचे वुकाश स्मुव्का निवडून आले आणि फेरनिवडणूक टळली.

ह्या सभेस पोलिश भाषेत 'सेयमिक' म्हणतात. राष्ट्रीय संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचे नाव सेयम. तेव्हा सेयमिक म्हणजे लहानगी संसद. जुन्या पोलिश राज्यात सरदार-उमरावांच्या प्रादेशिक बैठकांना हेच नाव होते. आजची सभा मात्र त्यांची वारसदार केवळ नावापुरती आहे. कम्युनिस्ट राजवटीने १९५० साली स्थानिक स्वराज्य मोडीत काढले होते. ते १९९० साली प्रथम गावपातळीवर परत आले आणि १ जानेवारी १९९९ पासून जिल्हा व प्रांत ह्या दोन पातळ्यांची त्यात भर पडली. त्यावेळी पंतप्रधान होते येझी बुझेक. कॅथोलिकबहुल पोलंडचे हे पंतप्रधान लुथरन पंथाचे होते, हे जाता जाता नमूद करण्यासारखे आहे.

पूर्वीच्या ४९ लहान प्रांतांच्या जागी बारा मोठे प्रांत करावेत, अशी सरकारची मूळ योजना होती. परंतु आपला प्रांत पुसला जाणार म्हटल्यावर ठिकठिकाणी लोक खवळले. संसदेने पंधरा प्रांतांना मान्यता दिली, राष्ट्राध्यक्ष क्वाश्निएव्स्की ह्यांनी त्यावर नकाराधिकार वापरला आणि अखेर सोळांवर तडजोड झाली. ह्या ओढाताणीच्या खुणा नकाशावर आजही दिसतात. कुयावी-पोमेरेनिया प्रांतात केंद्राचा प्रतिनिधी बिद्गोश्च शहरात बसतो आणि लोकांची सभा तोरुन शहरात भरते. लुबुश प्रांतातही अशाच दोन राजधान्या आहेत.

केंद्राचा प्रतिनिधी आणि लोकांची सभा ह्यांतील भेद नीट समजून घेतला पाहिजे. प्रत्येक प्रांतात पंतप्रधानांनी नेमलेला 'वोयेवोदा' असतो. सभेचा ठराव कायद्याला धरून आहे की नाही, एवढेच तो तपासू शकतो. ठराव बेकायदेशीर वाटल्यास तीस दिवसांच्या आत तो रद्द ठरवू शकतो आणि त्याविरुद्ध सभा प्रशासकीय न्यायालयात जाऊ शकते. ठराव शहाणपणाचा आहे की मूर्खपणाचा, हे ठरविण्याचा अधिकार मात्र वोयेवोदाला नाही. वरिष्ठाने कनिष्ठाचे काम स्वतःकडे ओढून घेऊ नये, ह्या विचाराची येथे आपणांस ओळख पटते. पोप अकरावे पायस ह्यांनी १९३१ च्या 'क्वाद्राजेसिमो आन्नो' ह्या परिपत्रकात मांडलेले पूरकतेचे तत्त्व ते हेच. पोलंडच्या १९९७ च्या राज्यघटनेच्या प्रास्ताविकात ह्या तत्त्वाचा नावानिशी उल्लेख आहे.

वीस लाखांपर्यंत लोकसंख्या असलेल्या प्रांताच्या सभेत तीस सदस्य असतात. त्यापुढील प्रत्येक पाच लाखांमागे, अपुऱ्या पाच लाखांमागेही, तीन सदस्य वाढतात. राजधानी वॉर्सा ज्यात येते त्या माझोव्हिया प्रांताच्या सभेत ५१ सदस्य आहेत. पक्षांच्या याद्यांना मते पडतात व त्या प्रमाणात जागा मिळतात. पाच टक्क्यांहून कमी मते मिळविणारी यादी बाद होते. मुदत पूर्वी चार वर्षांची होती, २०१८ पासून ती पाच वर्षांची झाली. सभा आपला अध्यक्ष निवडते आणि त्याखेरीज पाचजणांचे कार्यकारी मंडळ निवडते. ह्या मंडळाच्या प्रमुखास 'मार्शल' म्हणतात. आपल्या विधिमंडळात मार्शल म्हणजे गोंधळ घालणाऱ्या सदस्यास उचलून बाहेर नेणारा. तेथे मात्र तोच प्रांताचा कारभारी! गावचा किंवा शहराचा प्रमुख २००२ पासून थेट लोकांकडून निवडला जातो, मार्शल मात्र सभेच्या मतांवर अवलंबून असतो. त्याला पदावरून दूर करण्यास तीन-पंचमांश सदस्यांची मते लागतात. त्यामुळे एकदा बसलेला मार्शल सहसा हलत नाही. माझोव्हियाचे आदाम स्त्रुझिक २००१ साली मार्शल झाले आणि २०२४ साली त्यांचीच पुन्हा निवड झाली.

सभेच्या हाती नेमके काय असते? मोठी रुग्णालये, प्रांतातील प्रवासी रेल्वे, प्रांतिक रस्ते, नाट्यगृहे, संग्रहालये आणि विकासाचा आराखडा. पण सभेचा अधिकार घराघरांत कसा पोहोचतो, हे पाहायचे तर क्राकूवच्या धुराकडे वळावे लागेल. हिवाळ्यात कोळशाच्या शेगड्या पेटल्या की दरीत वसलेल्या त्या शहरावर विषारी धुके साचत असे. नागरिकांच्या रेट्यामुळे मावोपोल्स्काच्या सभेने २०१३ साली शहरात कोळसा जाळण्यास बंदी करणारा ठराव केला. न्यायालयाने तो रद्द केला, कारण कायद्याने तसा स्पष्ट अधिकार सभेला दिलेला नव्हता. २०१५ साली संसदेने कायदा बदलला. जानेवारी २०१६ मध्ये सभेने नवा ठराव केला आणि १ सप्टेंबर २०१९ पासून क्राकूवमध्ये घरगुती वापरासाठी कोळसा व लाकूड जाळणे बंद झाले. उर्वरित प्रांतातील जुनाट शेगड्या १ जानेवारी २०२३ पर्यंत काढून टाकावयाच्या होत्या. ती मुदत पुढे १ मे २०२४ पर्यंत वाढविण्यात आली. युक्रेनमधील युद्धाने इंधन महागले असताना गरीब कुटुंबावर नव्या शेगडीचा बोजा टाकावा काय, हा प्रश्न खोटा नव्हता. पण त्याच घरातील मुलाच्या फुफ्फुसांचा प्रश्नही खोटा नव्हता. असा निर्णय दूरच्या राजधानीत न होता, तोच धूर श्वासातून घेणाऱ्या सभेत व्हावा, हे आम्हांला इष्ट वाटते.

पैशाची गोष्ट तितकी सुखाची नाही. सभेला स्वतःचा कर बसविता येत नाही. केंद्राने वसूल केलेल्या आयकरातील व कंपनीकरातील वाटा, केंद्राचे अनुदान आणि युरोपीय संघाचा निधी ह्यांवर तिचा संसार चालतो. हा युरोपीय निधी वाटण्याचे काम मार्शलच्या मंडळाकडे आल्यापासून त्या पदाचे वजन फार वाढले. आणि त्याच पैशाने सभेचे हातही बांधले. २०१९ साली मावोपोल्स्कासह काही प्रांतिक सभांनी 'एलजीबीटी विचारसरणी'विरोधी जाहीरनामे संमत केले. सप्टेंबर २०२१ मध्ये युरोपीय आयोगाने निधी अडेल असा इशारा दिला आणि त्याच महिन्यात ते ठराव मागे घेतले गेले. त्यामागील नैतिक वादात आम्ही येथे शिरत नाही. रुग्णालये आणि रेल्वे चालविण्यासाठी निवडलेल्या सभेने आपल्याच काही रहिवाशांना परके वाटावे अशी घोषणा करणे, हे तिचे काम नव्हते, असे आमचे मत आहे. पण ठराव मागे घेतला गेला तो मतपरिवर्तनाने नव्हे, तर तिजोरीच्या धाकाने, हेही काही भूषणावह म्हणता येणार नाही.

पक्षांतराची कीड तेथेही आहे. सायलेशियाच्या ४५ सदस्यांच्या सभेत २०१८ साली विरोधी आघाडीच्या यादीवर निवडून आलेले वोइचेख कावुझा पहिल्याच बैठकीच्या वेळी 'कायदा आणि न्याय' पक्षाला जाऊन मिळाले आणि उपमार्शल झाले. त्या एका मताने सत्ता फिरली. चार वर्षांनी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, मार्शल याकुब हेव्स्तोव्स्की ह्यांनीच काही सहकाऱ्यांसह तो पक्ष सोडला आणि सत्ता पुन्हा उलटली. दोन्ही वेळा मतदारांना कोणी विचारले नाही.

मतदारांचेही ह्या सभेकडे पुरेसे लक्ष नसते. गाव, जिल्हा व प्रांत ह्यांच्या निवडणुका एकाच दिवशी होतात आणि हाती पडलेल्या मतपत्रिकांमध्ये प्रांताची पत्रिका सर्वांत अनोळखी. २०१४ साली ती पुस्तिकेच्या स्वरूपात छापली गेली. काहींनी एकाहून अधिक पानांवर खुणा केल्या, काहींनी ती कोरीच पेटीत टाकली आणि प्रांतिक सभांसाठी पडलेल्या मतांपैकी सतरा टक्क्यांहून अधिक मते बाद ठरली. त्यातच मतमोजणीची संगणक यंत्रणा कोलमडली, निकाल लांबला आणि राष्ट्रीय निवडणूक आयोगाच्या सदस्यांना पायउतार व्हावे लागले. पुढच्या, २०१८ च्या निवडणुकीत पुस्तिका जाऊन एकाच मोठ्या कागदाची मतपत्रिका आली, आणि बाद मतांचे प्रमाण बरेच खाली आले.