विनय : अंतरंगातील तप

तपश्चर्या म्हटली की उपवास, आयंबिल, एकासन डोळ्यांपुढे येतात. उपवास मोजता येतात, पारण्याचा सोहळाही होतो. तत्त्वार्थसूत्रात मात्र सहा बाह्य तपांपाठोपाठ सहा आभ्यंतर तपे सांगितली आहेत आणि त्यांत प्रायश्चित्तानंतर लगेच विनयाचे स्थान आहे. उत्तराध्ययनसूत्राचे पहिले अध्ययनही विनयावरच आहे. विनय हा केवळ शिष्टाचार असता तर त्याला तपाची पदवी मिळाली नसती. त्यात अन्नाचा नव्हे, मान कषायाचा त्याग करावा लागतो. आणि सोळाव्या वर्षी हा त्याग अठ्ठाईपेक्षाही अवघड असतो.

या वयाची मुले सुट्टीत दुकानात बसू लागतात. संगणकावरचे बिल, जीएसटीचे विवरणपत्र, मोबाईलवर येणारे पैसे यांत ती वडिलांपेक्षा तरबेज असतात. एखाद्या दिवशी गिऱ्हाइकांदेखत मुलगा बोलून जातो, "पप्पा, तुम्हाला यातलं काही कळत नाही, तुम्ही बाजूला व्हा." चूक खरोखर वडिलांची असते, हिशेब मुलाचाच बरोबर असतो. तरीही वडील मान खाली घालतात आणि गिऱ्हाईक नजर वळवते. ज्यांच्या शब्दावर बाजारात वर्षानुवर्षे उधारी चालली, त्यांच्या शब्दाचे वजन घरच्याच माणसाने कमी केलेले असते.

अशा वेळी मुलाने गप्प बसावे, असे धर्म सांगत नाही. अनेकांतदृष्टी दुसऱ्याच्या म्हणण्यातील सत्याचा अंश आधी पाहायला शिकवते. आपला अंश त्यानंतर मांडायचा. "पप्पा, हा आकडा पुन्हा एकदा पाहू या का?" एवढ्याने हिशेबही सुधारतो आणि वडिलांचा मानही राहतो.

विनयाची खरी कसोटी मात्र वडिलांपुढे लागत नाही; तिजोरीची किल्ली त्यांच्याच हाती असते. ती लागते दिवाणजींशी, माल उतरवणाऱ्या हमालाशी, एकच प्रश्न तिसऱ्यांदा विचारणाऱ्या आजीशी बोलताना. ज्यांच्याकडून काही मिळवायचे नाही, त्यांच्याशी सूर कसा लागतो, यावरून विनय ओळखावा. आणि हा सूर मुले पाठशाळेपेक्षा पेढीवर अधिक शिकतात. वयाने वडील असलेल्या दिवाणजींना मालकच एकेरी हाक मारत असतील, तर मुलाच्या तोंडी 'अहो' कोठून यावे?

संवत्सरीला तरुण मुले मोबाईलवरून एका क्षणात शेकडो जणांना 'मिच्छामि दुक्कडम्' पाठवतात. वर्षभर जिच्यावर आवाज चढवला, ती आई शेजारच्या स्वयंपाकघरात असते. तिला मात्र सांगायचे राहून जाते. दशलक्षण पर्वाचा दुसरा दिवस उत्तम मार्दवाचा. तोही अनेक घरांत पूजेनंतर संपतो. मोबाईल हाती घेण्यापूर्वी घरातील प्रत्येकाची समोरासमोर क्षमा मागावी, त्या दिवशी दुकानात जाऊन दिवाणजींचीही मागावी, एवढा नियम कुटुंबाने घ्यायला हरकत नाही.

हा नियम एकट्या मुलांसाठी नसावा. क्षमापनेच्या वेळी आचार्यही सकल संघाची क्षमा मागतात. वडिलांनी आपल्या मुलासमोर, मुलीसमोर हात जोडले, तर त्यांचे मोठेपण उणावत नाही. विनय म्हणजे काय, हे त्या मुलांना वेगळे समजावून सांगण्याची गरज मात्र उरत नाही.