दोन मास्तर

यंत्रे आणि मी यांच्यात जन्मापासून अबोला आहे, हे या सदराचे नेहमीचे वाचक जाणतातच. घरातला नळ गळू लागला की मी त्याच्याखाली बादली ठेवतो, आणि बादली भरली की प्लंबरला बोलावतो. वीस वर्षे कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या माणसाकडून याहून अधिक अपेक्षा कुणी करीतही नाही. असे असता २०२४ च्या मे महिन्यात, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, तीन चाकांच्या एका अवाढव्य मोटारसायकलीवर बसून मी दोन तास नुसता ब्रेक दाबीत होतो, असे सांगितले तर आमच्या स्टाफरूममध्ये सगळे हसतात. तेव्हा ती हकीगत आता वाचकांपुढेच ठेवतो.

माझी थोरली बहीण, अक्का, लग्न होऊन तिकडे गेली त्याला आता पस्तीस वर्षे होतील. दाजी पुलांचे इंजिनिअर. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. माणूस सालस, मितभाषी, निर्व्यसनी. पण एक वेड जबर. मोटारसायकल! सांगलीत असताना थोरल्या भावाची मोटारसायकल चोरून फिरवीत, ते वेड तिकडे गेल्यावर साडेतीनशे किलोच्या वर वजनाच्या गाडीपर्यंत वाढले. पुढे डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि सिग्नलला थांबल्यावर एवढे धूड पायावर तोलून धरणे त्यांना जमेना. तेव्हा अक्काने सुटकेचा नि:श्वास टाकला. तो फार दिवस टिकला नाही. दाजींनी गाडी विकण्याऐवजी तिचे मागचे चाक काढून तिथे आडवा आस आणि दोन चाके बसवून घेतली. याला तिकडे ट्राइक म्हणतात. प्रकार नवा नव्हे. हार्ले-डेव्हिडसनने १९३२ पासून १९७३ पर्यंत अशीच एक तीनचाकी बनवली. तिच्यावर बसून पोलीस गावभर हिंडत.

मी उतरलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी, दाजी अंघोळीला गेल्याचे पाहून, अक्काने मला स्वयंपाकघरात गाठले.

"तू त्यांना समजाव. तुझं ऐकतील."

"काय झालं?"

"गेल्या महिन्यात चौकात ब्रेक दाबला, तर पेडल पार खाली गेलं. कशीबशी थांबली गाडी. मला सांगितलं नाही. शेजारच्या बाईंकडून कळलं. आता म्हणे बाहेरचा कसलासा पार्ट आणून स्वत:च बसवणार आहेत. मला ती गाडी घरात नको. ही भाऊबीजेची ओवाळणी समज."

आता भाऊबीजेच्या नावाने मागितलेले नाही कसे म्हणायचे? मी शिष्टाईला तयार झालो. श्रीकृष्णाची शिष्टाई जिथे फसली तिथे माझी काय कथा, हा विचार मनात आला, तो मी चहाबरोबर गिळला.

संध्याकाळी गॅरेजमध्ये गेलो. दाजी एका स्टुलावर बसले होते. पुढ्यात एक खोके, खोक्यात मुठीएवढा चकचकीत धातूचा तुकडा.

"या मास्तर," ते म्हणाले. मी प्राध्यापक झालो तरी त्यांच्या लेखी मास्तरच. "हे तुमचे नातलग. मास्टर सिलिंडर."

मी माझे भाषण सुरू करणार, तोच त्यांनी माझ्या हातात एक पिचकारी दिली. मुलांना औषध पाजण्याची असते तशी. तिच्या तोंडाला नळी, नळीच्या दुसऱ्या टोकाला दुसरी, मोठी पिचकारी, मध्ये पाणी. "दाबा," म्हणाले. मी लहान पिचकारीचा दट्ट्या सहज आत ढकलला. मोठीचा दट्ट्या बाहेर आला, पण अगदी थोडा. "आता तो मोठा दट्ट्या अंगठ्यानं अडवा, आणि पुन्हा लहान दाबा." काय सांगू, माझाच एक अंगठा दुसऱ्या अंगठ्यापुढे हरला!

"हा पास्कल," दाजी म्हणाले. "सतराव्या शतकातला. बंद जागेतल्या द्रवाला कुठंही दाबा, तो दाब सगळीकडं सारखा जातो. ज्याचं तोंड मोठं त्याला जोर जास्त मिळतो, पण तेवढंच त्याचं सरकणं कमी होतं. फुकट कुणाला काही मिळत नाही."

ब्रेकचे रहस्य एवढेच आहे. आपण पायाने पेडल दाबतो. ते एका दांडीने मास्टर सिलिंडरचा दट्ट्या ढकलते. ब्रेक ऑइल नळीतून चाकाशी असलेल्या कॅलिपरमध्ये जाते. तिथले दट्टे पॅड पुढे सारतात आणि पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला चिमटीत धरतात. दाजींच्या मूळ गाडीला मागे एक चाक, एक कॅलिपर. ट्राइक केल्यावर चाके दोन झाली, कॅलिपर दोन झाले. पण ज्या कारागिराने हे काम केले त्याने मास्टर सिलिंडर जुनाच ठेवला. म्हणजे एका माणसाच्या मापाने शिजवलेल्या भातावर दोघे जेवायला बसले! तेवढ्याच ऑइलने दुप्पट दट्टे भरायचे, म्हणून पेडल दुप्पट खाली जायचे. त्यात पॅड झिजले, ऑइलमध्ये थोडी हवा शिरली, आणि एक दिवस चौकात पेडल तळाला गेले.

"मग मोठा सिलिंडर बसवला की झालं," मी म्हणालो. आलो होतो गाडी विकायला लावायला, आणि पाच मिनिटांत सिलिंडर बसवायला लागलो होतो.

दाजी काही बोलले नाहीत. उठून त्यांनी गॅरेजचे दार लोटून घेतले. मग भिंतीशी उभा करून ठेवलेला वजनकाटा माझ्याकडे फिरवला. न्हाणीघरात असतो तो.

"स्टुलावर बसून या काट्यावर पाय दाबून बघतो मी. डावा अठ्ठेचाळीस किलो दाबतो. उजवा एकोणतीस."

मणक्याच्या जुन्या दुखण्याने त्यांच्या उजव्या पायातली शक्ती हळूहळू चालली होती. ब्रेकचे पेडल उजव्या पायाखाली. हे अक्काला ठाऊक नव्हते. मोठा सिलिंडर म्हणजे पेडल कमी खाली जाईल, पण दाबायला जास्त जोर लागेल; आणि नेमका जोरच उणा पडत होता. ते खोके तीन आठवडे तसेच फडताळात का पडून होते, ते मला तेव्हा कळले.

"हिशेब केलात?" मी विचारले. एरवी हिशेबाचे नाव काढले की मला घाम फुटतो.

त्यांनी वही उघडली. जुन्या सिलिंडरचा व्यास अर्धा इंच, नव्याचा पाच अष्टमांश. म्हणजे व्यासांचे प्रमाण चाराला पाच. क्षेत्रफळ वर्गाने वाढते, म्हणून सोळाला पंचवीस. नव्याला दीडपटीहून थोडा अधिक जोर हवा. पण कॅलिपर एकाचे दोन झाले आहेत, म्हणजे तिकडे सोळाचे बत्तीस. पंचवीसने घालवायचे आणि बत्तीसने मिळवायचे! मूळ दुचाकीच्या मानाने पाहिले तर तेवढ्याच पायाने मागच्या चाकांना अजून सव्वापट पकड मिळत होती.

"म्हणजे पाय पुरेल," मी म्हणालो.

"कागदावर," दाजी म्हणाले. "गाडी आता जड आहे. आणि दुचाकीचा मुख्य ब्रेक पुढचा असतो, हिचा भार मागं. मागचा ब्रेक गेला तर पुढच्यानं निभत नाही. पायही टेकता येत नाही. जुन्या सवयीनं पाय खाली सोडला, तर आपलंच मागचं चाक आपल्या पायावरून जातं."

दुसऱ्या दिवशी कामाला लागलो. ब्रेक ऑइल रंगाचे वैरी. म्हणून गाडीवर ओली फडकी पसरली. जुन्या टाकीतले ऑइल पिचकारीने ओढून काढले. नवे कोणते घालायचे ते टाकीच्या झाकणावर कोरलेले असते, ते वाचण्याचे काम भाषेचा माणूस म्हणून माझ्याकडे आले. इथेही एक गोत्राची भानगड आहे. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही सगोत्र. पण मधला डॉट ५ सिलिकोनचा, त्याचे या तिघांशी जमत नाही. नावातला एक दशांश चुकला की सोयरीक फसली! आमच्या झाकणावर डॉट ४ होते. कोरडे, ताजे डॉट ४ निदान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये असा नियम आहे. पण ते हवेतला ओलावा पिते, आणि पाणी मुरले की तोच आकडा १५५ वर येतो. उतारावर ब्रेक तापला, ऑइल उकळले, वाफ झाली, की वाफ दबते आणि पेडल पुन्हा तळाला. म्हणून फोडलेली जुनी बाटली वापरायची नाही.

नळीचा पोकळ बोल्ट सोडला, त्याचे तांब्याचे दोन्ही वायसर टाकून नवे घातले, नवा सिलिंडर बसवला, पुस्तकात दिलेल्या मापाने टॉर्क पान्याने बोल्ट आवळले. मग हवा काढणे. याला इंग्रजीत रक्त काढणे म्हणतात, आणि ते सार्थ आहे. मी गाडीवर, दाजी मागे जमिनीवर आडवे. ते म्हणत "दाब", मी पेडल दाबी. "धर" म्हटले की धरून ठेवी. ते कॅलिपरचा छोटा नळ उघडत, काचेच्या बरणीत बुडवलेल्या नळीतून बुडबुडे येत; ते नळ बंद करीत आणि मग म्हणत, "सोड." आधी दूरचा कॅलिपर, मग जवळचा. मधूनमधून टाकीत भर.

तासाभराने बुडबुडे थांबले आणि मला गर्व झाला. त्या गर्वात मी एकदा "सोड" ऐकायच्या आधीच पाय उचलला. नळ उघडा होता. हवा परत आत! दाजी जमिनीवरूनच म्हणाले, "मास्तर, वर्गात पोरं तुमच्या आधी उठतात तेव्हा काय करता?" पुन्हा पहिल्यापासून सुरू.

अखेर पेडल दगडासारखे घट्ट लागले. पण चाके जॅकवर उचलून फिरवून पाहिली, तर पाय काढल्यावरही ती जखडलेलीच. दाजी विचारात पडले, मग कपाळावर हात मारून घेतला. घाईत त्यांनी दट्ट्या ढकलणारी दांडी जरा लांब ठेवली होती. पेडल सोडल्यावर दट्ट्या पार मागे यायला हवा. तेव्हाच टाकीकडे जाणारे बारीक छिद्र उघडते आणि दाब उतरतो. दांडीला थोडा मोकळा खेळ नसेल तर छिद्र झाकलेलेच राहते. ऑइल तापून फुगते आणि ब्रेक आपोआप लागत जातो. गाडी रस्त्याच्या मध्यावर जखडायची. दांडी किंचित आखूड केली, आणि चाके बोटाने फिरू लागली.

हात धुताना मी म्हटले, "दाजी, ब्रेकचं झालं. आता पायाचं. अक्काला सांगा."

"सांगितलं तर ती गाडी विकायला लावील."

"न सांगता तिला कळलं तर?"

रात्री जेवण झाल्यावर त्यांनी वजनकाटा स्वयंपाकघरात आणला आणि तिच्यादेखत त्यावर पाय दाबला. एकोणतीस. अक्का बराच वेळ गप्प राहिली. मला वाटले, आता रडेल किंवा ओरडेल. ती उठली, बाहेर जाऊन त्या खोक्यावरचे कागद घेऊन आली, आणि चष्मा लावून म्हणाली, "हा पंचवीस आणि बत्तीसचा हिशेब मला नीट सांगा." नवरा-बायको अकरा वाजेपर्यंत पिचकाऱ्या दाबीत बसली होती.

रविवारी जवळच्या शाळेचे मोकळे वाहनतळ आम्ही गाठले. खडूने रेघ आखली. आधी चालीच्या वेगाने, मग ताशी दहा मैल, वीस, तीस. प्रत्येक वेळी रेघेवर आल्यावर ब्रेक. थांबल्यावर दोन्ही डिस्कजवळ हात नेऊन बघायचे, सारख्या तापल्या आहेत ना. सारख्या तापल्या होत्या. मागचा लाल दिवाही दर खेपेला लागला. शेवटच्या फेरीला अक्काने न विचारता दुसरे हेल्मेट डोक्यावर चढवले आणि मागे जाऊन बसली. माझ्या ओवाळणीचे असे झाले.

मात्र तिने एक अट घातली, आणि दाजींनी ती मान्य केली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिच्यासमोर वजनकाटा दाबायचा. आकडा तिने स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर लिहायचा. पंचवीसच्या खाली एकदा जरी आला, तर गाडी विकायची. त्यावर वाद नाही.

परतल्यापासून मी दर महिन्याला त्या रविवारी अक्काला फोन करतो. ख्यालीखुशाली विचारतो, पाऊसपाणी विचारतो आणि मग गप्प राहतो. ती समजते. जूनमध्ये एकोणतीस, जुलैत अठ्ठावीस. ऑगस्टमध्ये पुन्हा एकोणतीस. व्यायामाला माणूस लावला होता. दाजी मागून ओरडले, "मास्तरांना सांग, अजून पास आहे."

गेल्या रविवारी आकडा सत्तावीस होता. अक्का म्हणाली, "लिहिला." मग जरा थांबून म्हणाली, "आज हवा छान आहे. आम्ही दोघं एक चक्कर मारून येतो."