जिन्याखालचा कप्पा आणि यतना

बारामती व इंदापूर येथील जुन्या बाजारपेठांत पुढे दुकान, मागे माजघर आणि मधून वर जाणारा अरुंद लाकडी जिना अशी व्यापारी घरांची रचना असे. त्या जिन्याखाली बहुधा दार नसे. पाटा-वरवंटा, लग्नकार्याची मोठी पातेली, रिकामी पोती असा पसारा तेथे उघडाच पडलेला असे. तो शोभिवंत नव्हता, हे खरे. परंतु उघडा असल्यामुळे रोज नजरेखालून जाई, केर काढताना तेथेही पुंजणी फिरे आणि जीवजंतूंना घर करण्यास फारशी उसंत मिळत नसे.

आजच्या बंगल्यात जिना दिवाणखान्यातूनच वर चढतो. पाहुण्यांच्या समोर पसारा नको म्हणून भिंतीच्याच रंगाची, मूठ नसलेली, दाबताच उघडणारी सपाट दारे बसविली जातात. दार आहे हे सांगितल्याशिवाय कळू नये, यातच सुताराचे कौशल्य मानले जाते. दिसण्यास ही रचना सुरेखच. परंतु आत काय होते? हवा खेळत नाही, उजेड पोहोचत नाही, आणि एकदा ठेवलेली वस्तू वर्ष-वर्ष हलत नाही. झुरळे, कसर आणि वाळवी यांना याहून सोयीची जागा मिळणे कठीण. मग पर्युषणापूर्वीच्या साफसफाईत दार उघडले जाते, घरातील माणसे मागे सरतात आणि औषध फवारणाऱ्याला बोलावणे जाते. चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य करणाऱ्या, पाणी गाळून पिणाऱ्या घरात एका दुपारी हजारो जीवांचा घात होतो. दोष फवारणाऱ्याचा नव्हे. तो कप्पा आखला गेला त्याच दिवशी घडलेला असतो.

वस्तू उचलताना व ठेवताना जागा पाहावी, पुंजावी, मगच हात घालावा, अशी आदाननिक्षेपण समितीची शिकवण आहे. ती साधूंसाठी सांगितलेली असली तरी गृहस्थाच्या कपाटालाही तीच कसोटी लावता येते. ज्या कप्प्याचा शेवटचा कोपरा डोळ्यांना दिसत नाही आणि हाताला पोहोचत नाही, तो कप्पा यतनेने वापरताच येत नाही.

या भागात पाऊस कमी, म्हणून ओलीची चिंता नको, असा एक समज आहे. नीरा डावा कालवा बारामतीतून इंदापूरकडे जातो. त्याच्या पाण्यावर भिजणारी काळी जमीन ओल दीर्घकाळ धरून ठेवते, आणि वाळवी येते ती जमिनीतूनच. म्हणून जिन्याखाली प्लायवुड थेट फरशीवर टेकवू नये. खाली चार इंच उंचीचा दगडी किंवा विटांचा ओटा घ्यावा, त्यावर कडप्प्याची फळी. मागच्या बाजूला लाकडी पाठ मुळीच लावू नये. भिंत पांढरी रंगवून उघडी ठेवावी. वाळवी मातीची नळी करून चढते. पांढऱ्या भिंतीवर ती पहिल्याच आठवड्यात दिसते आणि जीव वाढण्यापूर्वीच ओल व भेग बंद करता येते. लाकूड लागेलच तेथे आयएस 710 प्रतीचे प्लायवुड घ्यावे. ते पाण्याला टिकते, मात्र तेवढ्याने वाळवी दूर राहते असे समजू नये.

शोभेचा प्रश्न दारांत सुटतो. सपाट दाराऐवजी खाली व वर झिलमिली ठेवली की खालून गार हवा शिरते, वरून उबट हवा बाहेर पडते. झिलमिलीच्या पट्ट्यांची रेघ पायऱ्यांच्या कडांशी जुळवली आणि रंग भिंतीचाच ठेवला तर दिवाणखान्याच्या सौंदर्याला बाधा येत नाही. झिलमिलीच्या आतून बारीक जाळी मात्र हवी. दार उघडताच लागणारा छोटा दिवाही हवा. तो चैनीचा नव्हे, पाहून हात घालण्यासाठीचा आहे.

मापे आधी घ्यावीत. सात इंच उंचीच्या 18 पायऱ्यांचा दोन वळणी जिना असेल तर मधला चौक सव्वापाच फुटांवर येतो आणि स्लॅबची जाडी वजा जाता खाली पावणेपाच फूटच उरतात. तेथे उभे राहता येत नाही. जिन्याची रुंदी तीन फूट, तर बाजारातील नेहमीचे खण सुमारे 22 इंच खोल. मागे उरणारी फूटभर अंधारी पोकळी हीच खरी अडचण. त्यापेक्षा चाकांवरचे तीन फूट लांब गाडे करावेत. गाडा पूर्ण बाहेर ओढला की मागची भिंत मोकळी होते आणि पुंजणी शेवटपर्यंत फिरते.

आत काय ठेवावे, याबाबत व्यापारी घरांत चोपड्यांचा विषय निघतोच. जीएसटीच्या कायद्याने हिशेबाची पुस्तके वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपावी लागतात. कागद हे वाळवीचे आवडते खाद्य. चोपड्या ठेवायच्याच असतील तर पत्र्याच्या पेटीत, आणि पेटी गाड्यावर. धर्मग्रंथ, कटासणे, माळ येथे ठेवू नयेत. त्यांवरून दिवसभर पावले पडणार, ती आशातनाच. हौसेने दारांवर अष्टमंगल कोरून घेण्याची प्रथाही त्याच कारणाने टाळलेली बरी.

इन्व्हर्टरची बॅटरी अनेक घरांत याच कप्प्यात दडविलेली असते. चार्ज होताना शिसे-आम्लाच्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. बंद कप्प्यात तो साचू देणे धोक्याचे. गॅसची टाकी, रंगाचे डबे, दुकानातील जादा कापडाचे गठ्ठेही येथे नकोत. जिना हा वरच्या मजल्यावरील माणसांचा खाली येण्याचा बहुधा एकच मार्ग असतो, आणि खाली आग लागली तर धूर धुराड्यातून चढावा तसा त्याच वाटेने वर चढतो.