बटण नसलेला हीटर

खडकवासल्यात ‘मॉडेल’ म्हटलं की केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रच आठवतं. १९१६ पासूनची ही संस्था. नद्या, बंदरं, सांडवे लहान आकारात बांधायचे आणि त्यांत पाणी सोडून बघायचं. सांडवा शंभर पट लहान केला तर प्रवाहाचा काळ दहा पटीनं आखडतो, हे तिथलं मुळाक्षर.

उष्णतेच्या मॉडेलला एवढी जागा लागत नाही, वहीचं पान पुरतं. दोन किलोवॅटची कॉइल, १५ लिटर पाणी, ३० अंशांची वाढ: साधारण १६ मिनिटं. व्होल्टेज २३० वरून २०० वर घसरलं, की शक्ती व्होल्टेजच्या वर्गानं घटते, जेमतेम तीन चतुर्थांश उरते आणि १६ ची २१ मिनिटं होतात. त्यात टाकीतून निसटणारी उष्णता धरा आणि सेन्सरला होणारा उशीर. खरा खोडकर हा उशीरच. वीज तोडल्यावरही कॉइलच्या आवरणातली ऊब पाण्यात उतरत राहते आणि तापमान ठरवलेल्या रेषेच्या वर जातं.

हे सगळं एका चाचणीत दिसतं. हीटर एकदम पूर्ण चालू करा आणि तापमान वेळेनुसार टिपा. तरीही प्रॅक्टिकलला मुलं हीटर कमी-जास्त करणाऱ्या पीआयडी कंट्रोलरचे तीन आकडे मागच्या बॅचच्या जर्नलमधून उतरवतात. माझ्या मते हे थर्मोस्टॅटनं केलेले लाड आहेत. मॉडेल चुकलं तरी तो टक् करून सांभाळून घेतो.

धरणाचं काँक्रीट असं सांभाळून घेत नाही. सिमेंट पाण्याशी संयोग पावताना तापतं, आणि या हीटरला बटण नाही. गाभा गरम, पृष्ठभाग थंड, फरक वाढला की तडे. म्हणून काय ते आधीच: खडी गार करणं, पाण्याऐवजी बर्फ, थर कमी उंचीचे. नंतर थंड पाणी खेळवायचं तर नळ्याही आधीच पुरायला हव्यात. अमेरिकेत हूवर धरणात १९३० च्या दशकात तेच केलं. आपल्याकडे घाटघरच्या धरणांत सिमेंटचा मोठा हिस्सा काढून फ्लाय ॲश घातली. मुळात हीटरच मंद केला, म्हणा ना.

तेव्हा प्राध्यापकांना एक सुचवतो. विद्यार्थ्यानं स्वतः काढलेला आलेख आणि त्यावरून मोजलेला उशीर टेबलावर आल्याखेरीज त्याच्या हाती कंट्रोलर देऊ नका. सबमिशन आठवडाभर लांबलं तर लांबू द्या.