भिंग स्वस्त, दृष्टी महाग

मोतीबिंदूने आंधळा झालेला गरीब माणूस नशिबाने आंधळा राहत नाही. त्याला व्यवस्था आंधळे ठेवते. विधान कठोर वाटेल, पण वस्तुस्थिती तपासून पाहू.

डोळ्यात बसविण्याचे पहिले कृत्रिम भिंग डॉ. हॅरोल्ड रिडले यांनी १९४९ साली लंडनला बसविले. पुढे कित्येक वर्षे ही वस्तू पैसेवाल्यांचीच राहिली. १९९२ साली मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने ऑरोलॅब काढून भिंगे इथेच बनविली आणि परदेशी भिंगाच्या किमतीच्या लहानशा हिश्श्यात दिली. म्हणजे भिंग महाग आहे, ही सबब केव्हाच संपली.

मग जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरील म्हाताऱ्यांनी भिंत चाचपडत का चालावे?

भिंग आपोआप डोळ्यात जात नाही. आधी डोळा मोजून भिंगाचा नंबर काढावा लागतो. घडीचे भिंग इंजेक्टरने दोन-तीन मिलिमीटरच्या चिरेतून सरकवितात. त्या पद्धतीला महागडे फेको यंत्र लागते. कडक भिंग मात्र सहा मिलिमीटरच्या आसपासच्या चिरेतून चिमट्याने बसते. फेको लागत नाही, बहुधा टाकाही नाही. लागतात मायक्रोस्कोप, निर्जंतुक थिएटर आणि सराव असलेला सर्जन. तालुक्याला हे अशक्य आहे काय?

शस्त्रक्रियेनंतर महिनाभर थेंब घालायचे, पुन्हा तपासणीला जायचे. मोखाडा ते पालघर अंतर सुमारे शंभर किलोमीटर. दिवाळीनंतर कर्ती माणसे वीटभट्टीवर जातात. म्हातारीला नेणार कोण?

शिबिरे घेणाऱ्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु शिबिर देणाऱ्याच्या सवडीने येते. हक्काला सवड विचारावी लागत नाही. पश्चिम बंग खेत मजदूर समिती खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, शासकीय रुग्णालयात वेळेवर उपचार न मिळणे हा अनुच्छेद २१ चा भंग आहे आणि निधी नाही ही पळवाट शासनाला नाही. तो खटला अपघातातील जखमीचा होता हे खरे. पण मोतीबिंदू पिकून डोळा निकामी होईपर्यंत थांबविणे हा उशीर नव्हे काय?

दुसरी गोष्ट. २००५ च्या अधिसूचनेने हे भिंग कायद्याच्या दृष्टीने 'औषध' ठरले. भिंगाच्या डबीवर नंबर, बॅच आणि मुदत छापलेली असते. ते स्टिकर रुग्णाच्या कार्डावर लागलेच पाहिजे, शस्त्रक्रिया फुकट असली तरीही. फुकट मिळते म्हणून माहिती मागायची नाही, असा कायदा नाही.

तेव्हा कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात तीनच प्रश्न विचारावेत. जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयात गेल्या वर्षी महिनावार किती भिंगे बसविली? नेत्रशल्यचिकित्सकाचे पद भरलेले आहे काय? शस्त्रक्रियेनंतरची तपासणी मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात होते काय? उत्तरे लेखी घ्या आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचा. ज्यांना वाचता येत नाही, दिसत नाही, त्यांनाही ती ऐकू जातील.